नागुआत्याची चवथ

माझ्या वडिलांची थोरली बहीण नागुआत्या पाण्याच्या बाबतीत फार कडक होती. घागर आधी चिंचेनं घासायची, मग राखेनं. बारवेवरून पाणी आणलं की रांजणाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं चार पदरी धडपं बांधून गाळायची, आणि गाळताना मधे कुणी बोललेलं तिला खपत नसे. माझी आई कधी घाईनं दोन पदरांतून गाळू लागली तर आत्या म्हणायची, "चन्नबसम्मा, पाणी गाळायलीस का पाण्याला नुसतं कापड दाखवायलीस?"

आमचं गाव ताडकळसच्या बाजारापासून दीड कोसावर. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला आणि आत्या माहेरी परत आली. माझे वडील शिवलिंगअप्पा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. आजा-आजी पाठोपाठ गेल्यावर आत्यानंच त्यांना वाढवलं. त्यांना परभणीला उर्दू शिकायला ठेवलं तेही तिनंच. निजामाचं राज्य, कचेरीचा सगळा कागद उर्दूत. ज्याला ती लिपी यायची त्याच्या शब्दाला गावात वजन. आप्पा शिकून आले आणि चावडीवर मुनशी झाले. सरकारी कागद आला की आप्पा वाचणार, मराठीत सांगणार आणि गाव मान हलवणार. माणिकराव पाटलांना बाजारापुरती दखनी बोलता यायची. ते स्वतःच हसून सांगत, "कागद उलटा धरला तरी मला सुलटाच दिसतो."

आम्ही लिंगायत. आत्या रोज सकाळी अंघोळ करून, भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची. आमचे गुरू अय्या म्हणत, शरणाचा, म्हणजे शिवभक्ताचा, तळहात हाच देवाचा गाभारा. आत्यानं ते मनापासून धरलं होतं. त्या हातानं ती कधी कुणाला मारायची नाही, मलासुद्धा. मारायचं झालं तर उजवा.

श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी, चवथीला, बहिणी भावासाठी उपास धरतात. बाकीच्या बाया लाह्या खायच्या, शेंगदाणे खायच्या. आत्या दिवसभर दोन घोट पाण्यावर राहायची. आई म्हणायची, "वन्सं, लाह्या चालतेत की." आत्या म्हणायची, "भावाचा उपास हाय. पोट भरून कसा हुईल?"

टोळधाड आली त्या साली मी पाच-सहा वर्षांची होते. कचेरीतून टोळ मारायच्या औषधाची पोती आली. कोंडा, गूळ आणि त्यात कालवलेलं काहीतरी. बांधाबांधावर टाकायचं, टोळ खाऊन मरतात. वाटप आप्पांकडं होतं. पण पोती येईपर्यंत टोळ ज्वारी खाऊन पुढच्या गावाला गेले होते. चार पोती उरली. आप्पांनी आधीच सगळी वाटल्याचं कळवून टाकलं होतं, म्हणून परत नेता येईनात. घरी ठेवावीत तर गुळाच्या वासानं गुरं हुंगत येत. एका दुपारी आप्पांनी बारवेच्या मागच्या आमच्या मळ्यात खड्डा खणला आणि ती पोती पुरली. आत्या तिथंच तुरीच्या शेंगा तोडत होती.

"गुळाचा वास यायलाय का रं, शिवलिंगा?"

"सडका कोंडा हाय, आक्का. जनावरानं खाल्ला तर पोट फुगंल."

"मग नीट दाब की. कुत्री उकरतेत."

तिनंच पायानं माती दाबली आणि वर चार धोंडे ठेवले. हे तिनं मला पुढं सांगितलं. जनावरं मरू नयेत म्हणून आप्पांनी ते पुरलं, इथवर त्यांचा हेतू वाईट नव्हता. एवढं मी मानते.

आमची बारव पायऱ्यांची, महादेवाच्या देवळामागं. तिला सोमाची बारव म्हणत. पुढच्या दोन पावसाळ्यांत बारवेतले बेडूक नाहीसे झाले. पायऱ्यांवरचं शेवाळ गेलं. पाणी असं नितळ झालं की तळाचा पैसा दिसावा. दुसऱ्या गावात असं झालं असतं तर कुणाच्या मनात काही आलं असतं की नाही, ठाऊक नाही. आमच्या गावानं नारळ फोडला. ज्या पाण्यात बेडूक नाही, किडा नाही, ते पाणी देवानं आपल्यासाठी राखलं, असंच सगळे म्हणू लागले. सोमवारचा अभिषेक त्याच पाण्याचा. आत्याला तर इतका आनंद झाला की धडप्याचे चार पदर तिनं सहा केले. एवढं देवाचं पाणी, त्याला आपल्या हातचा केर लागू नये.

आणखी एक सांगायला पाहिजे. त्या बारवेवर गावातल्या सगळ्यांना येऊ देत नव्हते. शरणांच्या धर्मात शिवाशीव नाही असं अय्या सांगत, आम्ही ऐकत असू आणि घागरी भरायला जाऊन उलटंच वागत असू. वेशीबाहेरच्या वस्तीच्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरायच्या. गढूळ पाणी पितात म्हणून आमच्यातल्या बाया त्यांना हसायच्या.

दोन-तीन वर्षांत आत्याच्या अंगावर डाग उठले. वाळलेल्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसे, काळे आणि मधे मधे पांढरे. हातापायांना मुंग्या यायच्या. अन्न जाईना. चन्नप्पा वैद्यांनी नाडी बघितली. "पाणी बाधलंय. निम्मं आटवून पी, आन दुसरं पाणी तोंडात घालू नको."

वैद्यांनी निम्मं सांगितलं, आत्या पाव राहीपर्यंत आटवायची. मडक्यात सकाळी चूल पेटली की दुपारपर्यंत पाणी खदखदत असायचं. घरातले बाकीचे शेतात गेलो की कुठल्याही विहिरीचं प्यायचो, ओढ्याचं प्यायचो. आत्या मात्र बारवेचं, सहा पदरी गाळलेलं, पाव राहिलेलं. आणि आजार तिचाच वाढत गेला. तळपायाला घट्टे आले. मग तळहात खरखरीत झाले, मोहरीएवढे टणक दाणे उठले. पूजेला लिंग हातावर घेतलं की ते जागेवर बसेना, दाण्यांवरून हलायचं. एकदा माझ्यासमोर घसरून मांडीवर पडलं. आत्यानं ते उचललं आणि तळहातावरून बोट फिरवलं.

"गाभारा खडबडीत झाला गं माय," ती म्हणाली आणि हसली. मला तेव्हा ते हसणं कळलं नाही.

गावानं नाव ठेवलं, महारोग. आधी कुजबुज झाली, मग बारवेच्या पायरीवर उघड. शेजारच्या दगडाबाईनं घागर मागं ओढली. "नागुबाई, तू वरल्या पायरीवर थांब. तुझा देव तुझ्या हातात हाय, आमची लेकरं आमच्या हातात हायेत."

"अगं, तुझ्या लेकराची नाळ मी कापली."

"तवा तुझे हात चांगले होते."

पाटलांनी आप्पांना बोलावून सांगितलं की बहिणीला गावाबाहेर ठेवा. आप्पांनी ओढ्याकाठी आमच्याच रानात खोपट बांधून दिलं. आत्या जाताना रडली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "शिवलिंगा, बरं वाटलं की न्यायला येशील ना रं?"

"येतो की, आक्का. देवाची आण."

तेव्हा आप्पांच्या मनात त्या पोत्यांची शंका होती का, हे मला आजवर सांगता येत नाही. आण मात्र त्यांनी घेतली, मी ऐकली.

माझा भाऊ तेव्हा आईच्या कडेवर होता, म्हणून आईनं पाठवलेली भाकरी मी रोज खोपटावर न्यायची, लांब ठेवायची आणि मग जवळ जाऊन बसायची. आत्या पहिल्यांदा हाकलायची, नंतर दमली. तिला एकच ध्यास होता. बरं व्हायचं, घरी जायचं आणि आपल्या हातानं रांजण भरायचा. "तुझी माय दोन पदरांतूनच गाळत असंल बघ," असं ती मला रोज म्हणायची.

बारवेवर जायची तिला बंदी. घरून घागर पाठवावी तर ती घागर परत घरात कोण घेणार? पहिले दोन दिवस ती ओढ्याच्या डबक्यातलं पाणी पिऊन राहिली. तिसऱ्या दिवशी वस्तीवरची चतुराबाई झिऱ्यावर आली होती, तिनं बघितलं.

"मायबाई, ते डबक्यातलं नगा पिऊ. नारू हुईल. या हिकडं."

तिनं वाळूत कोपरभर खड्डा उकरला. पहिलं पाणी गढूळ आलं ते वाटीनं उपसून टाकलं. दुसऱ्यांदा भरलं तेही टाकलं. तिसऱ्यांदा वाळूतून पाणी आलं ते थंडगार आणि स्वच्छ. "रोज नवा उकरायचा. पहिली दोन पाणी वाळूला द्यायची. आन निघताना वर बोराटीची फांदी टाकायची, म्हन्जे जनावर तोंड घालत न्हाई. तुमच्या फडक्यातून गाळलं तर सोन्याहून पिवळं."

"आमच्या बारवेचं पाणी ह्याच्यापेक्षा नितळ हाय," आत्या म्हणाली. सवयच ती.

चतुराबाई म्हणाली, "आसंल की. आमाला कुठं ठाव."

आत्या झिऱ्याचं पाणी पिऊ लागली. आटवायला तिथं सरपण नव्हतं, म्हणून नुसतं गाळलेलंच. दोन महिन्यांत तिला भूक लागू लागली. चार महिन्यांत मुंग्या थांबल्या. वर्षाच्या आत तळहातावरचे दाणे झिजले. डाग होते, पण नवे उठेनात. एक दिवस मी गेले तर ती पूजा करत होती आणि लिंग हातावर स्थिर होतं.

त्याच वर्षी माझ्या आईच्या छातीवर तसलेच डाग उठले. मग माझ्या पाठीवर. मग दगडाबाईच्या दोन्ही लेकरांना. लोक म्हणाले, नागुबाईचा रोग पसरला. आत्यानं मला उन्हात उभं केलं, पाठ बघितली. मग म्हणाली, "मी वर्षभर तुमच्यात न्हाई, तरी तुमाला उठले. मी तुमच्यातून निघाले तर माझे गेले. वस्तीच्या बायांचे हात बघितलेस का तू? आमच्यासंगट राबतेत, एकीला न्हाई. ह्यो माणसाचा रोग न्हाई, बाई. पाण्याचा हाय."

पुढं प्लेगची सुई टोचायला परभणीहून डाक्टर आले. त्यांच्याबरोबर बन्सीधर कंपौंडर होते, मराठी बोलणारे. आत्या रांगेच्या शेवटी, पन्नास पावलं लांब उभी होती. डाक्टरांनी तिला जवळ बोलावलं तशी रांग मोडून माणसं मागं सरली. त्यांनी तिच्या हाताला सुई लावून बघितली, तळहात चोळून बघितले, नखांवरच्या पांढऱ्या आडव्या रेघा बघितल्या.

"ये जुजाम नहीं है."

"महारोग न्हाई म्हणतेत," बन्सीधर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

आत्यानं बारवेचं सांगितलं. डाक्टरांनी बारवेचं पाणी बाटलीत भरून लाखेनं बंद केलं. हैदराबादेला तपासायला जाणार, तिकडून कागद येणार. पाटील म्हणाले, "पाण्यात खोट निघाली तर बाईला घरात घ्या. न्हाई निघाली तर रोग तिचाच."

आत्या दोन महिने रोज मला विचारायची, कागद आला का. घरी जायचं म्हणून तिनं धडपं धुऊन, घडी करून ठेवलं होतं.

कागद आला. चावडीवर गाव जमलं. मी मारुतीच्या पाराआड उभी होते. आप्पांनी तो आधी मनात वाचला. त्यांना एवढा वेळ कधी लागत नसे. मग मोठ्यानं वाचू लागले. पाटलांची सवय अशी की सरकारी शब्द आधी जसाच्या तसा ऐकायचा. त्यात एक शब्द आला, संखिया.

"संखिया म्हन्जे?" पाटलांनी विचारलं.

आप्पा म्हणाले, "संख्या. आपली संख्या. बारवांची नोंद करायलेत, त्यात आपल्या बारवेची संख्या लिवलीय. पाणी तपासलं. प्यायला हरकत न्हाई."

शाळेत मराठी पाचवीपर्यंत शिकलेली मी. संख्या म्हणजे आकडा, हे मला येत होतं. मला वाटलं, बरोबर आहे.

आत्याला ते मीच जाऊन सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "शिवलिंगानं वाचलं? त्यानं सोता?" मी हो म्हटल्यावर म्हणाली, "मग खरं असंल. माझंच चुकलं." आणि ते घडी केलेलं धडपं उलगडून झिऱ्याला गेली.

त्या दिवसापासून आप्पांनी घरात सक्त सांगितलं की पाणी उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. आई बिचारी उकळत राहिली. स्वतः आप्पा घरी पाणी पिईनात. पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी चावडीच्या माठात असायचं, ते प्यायचे. म्हणायचे, "मला तेच मानवतं." आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. चावडीवर बसणाऱ्या माणसाला चावडीचं पाणी मानवतं.

वर्षानं बन्सीधर देवीची लस टोचायला एकटेच आले. गावात माझ्या आईचे हात बघितले, पोरांच्या पाठी बघितल्या आणि तडक ओढ्यावर आत्याकडं आले. मी तिथं होते.

"बाई, कागद आला न्हाई का तुमच्या गावाला? अजून त्याच बारवेचं पाणी पितेत लोक?"

"आला की. बारवेची संख्या लिवली म्हणं."

"संख्या?"

"तेच ते. संखिया."

बन्सीधर हसले, आणि हसता हसता थांबले. "बाई, संखिया म्हन्जे तुमचा सोमल. उंदराला घालतेत तो. पाण्यात सोमल सापडला, बारव बंद करा, असा कागद आमच्या दवाखान्यातूनच आला. मी डोळ्यांनी बघितला."

आत्या वाळूत बसली. म्हणाली, "मी तर आटवून पीत होते. पाव करून."

"आटवून किडा मरतो. सोमल कुठं मरायला? पाणी उडून जातं, तो तेवढाच ऱ्हातो."

"मीठ आटवल्यावानी."

"हां. तुमी जेवढं जपलं तेवढं जास्त प्यालात. आता ज्या घराला जगायचं आसंल त्यानं दुसरं पाणी धरावं. हा झिरा धरावा. गाळून, उकळून त्या बारवेचं काही व्हायचं न्हाई. पर बारवेत सोमल आला कुठून, हे काही कळंना."

आत्या त्यांच्याकडं बघत नव्हती. पलीकडं मळ्याकडं बघत होती. माझ्या कानाशी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "गुळाचा वास होता." आणि पोती पुरल्याची ती दुपार तिनं मला तेव्हा सांगितली.

बन्सीधर म्हणाले, मी पाटलांना सांगतो, न्हाईतर परभणीहून दुसरा कागद धाडतो.

"धाडून काय? वाचणार तोच." आत्या उठली. "तुमी जावा, दादा. माझा भाऊ हाय. आधी त्याला बोलायला एक वाट देते. त्याच्याच तोंडून येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेशीतून आत आली, चावडीपासून लांब कडुनिंबाखाली उभी राहिली. माणसं पांगली. मी पुन्हा पाराआड.

"शिवलिंगा, तो बारवेचा कागद काढ. पुन्ना एकदा वाच."

"आक्का, तू गावात कशाला आलीस?"

"वाच. कंपौंडर म्हणला त्यात सोमल लिवलाय. तुझी बायकू पितीय. तुझी लेक पितीय. मला घरात घेऊ नको, माझं काही म्हणणं न्हाई. तेवढा शब्द नीट वाच."

पाटील म्हणाले, "वाचा हो मुनशी. तिचं समाधान करा, म्हन्जे जाईल ती."

आप्पांनी कागद काढला. त्यांनी एकदा मान वर करून बहिणीकडं बघितलं. मग खाली बघून वाचलं, "संख्या." आणि कागदाची घडी घातली. "रोग डोस्क्यात गेलाय हिच्या. कंपौंडरला काय उर्दू येतंय?"

आत्या एक पाऊल पुढं आली. "हात दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"तुझे हात. मऊच आसतेल. चावडीच्या माठातलं पाणी मानवतं तुला."

आप्पांनी हात धोतराखाली घेतले. पाटलांना ते कळलं नाही. मला कळलं. मी तिथं होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही. बापाविरुद्ध तोंड उघडायचं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही शिकले नाही.

"बरं," आत्या म्हणाली, आणि निघाली. पण ओढ्याकडं गेली नाही. देवळामागं वळली.

ती पाणी भरायची वेळ. बारवेच्या पायऱ्यांवर दहा-बारा बाया होत्या, माझी आई होती, दगडाबाई होती. आत्या पायऱ्या उतरू लागली तशा सगळ्या भिंतीला चिकटल्या. ती शेवटच्या पायरीपर्यंत गेली. पाण्यात दोन्ही पाय सोडले. हात कोपरापर्यंत बुडवून चोळून चोळून धुतले. तोंड धुतलं, चूळ भरली आणि ती परत बारवेत टाकली. मग वर बघून म्हणाली, "मी महारोगी हाय ना? मग आजपासून ही बारव माझी. या कोण येतंय प्यायला."

घागरी पालथ्या झाल्या, पायऱ्यांवरून पाणी वाहिलं. मग दगडाबाईनं पहिला खडा मारला. तो आत्याच्या खांद्याला लागला. ती हळूहळू पायऱ्या चढून वर आली. दम लागला होता. तोवर पुरुष जमले होते.

पाटील म्हणाले, "मुनशी, तुमची बहीण हाय. तुमीच सांगा काय करायचं."

आप्पा म्हणाले, "बारव बंद करा. ह्या बारवेचं पाणी कुणी पिऊ नका."

कागदातली शेवटची ओळ तीच होती. वर्षभर लपवलेली ती ओळ आप्पांनी अखेर गावाला वाचून दाखवली, पण बहिणीच्या नावावर. आत्यानं ती ऐकली. तिच्या तोंडावर राग दिसला नाही. हिशोब बरोबर आला की शाळेतलं पोर पाटी खाली ठेवतं, तसं काहीतरी दिसलं.

दुपारपर्यंत बारवेच्या तोंडाला बोराटीचे ढीग लागले. महादेवाचं शुद्धीकरण झालं, पण बारवेला कुणी शिवलं नाही. संध्याकाळी गावातल्या बाया घागरी घेऊन ओढ्यावर गेल्या. आत्याच्या खोपटापासून वरच्या अंगाला, वस्तीच्या झिऱ्यांच्याही वर. झिरा कसा उकरायचा ते त्यांना येत नव्हतं. चतुराबाईनं लांबूनच सांगितलं, पहिली दोन पाणी वाळूला द्या. त्या दिवशी आईनं आप्पांना झिऱ्याचं पाणी दिलं. आप्पांनी कुठलं म्हणून विचारलं नाही. प्याले.

आत्याला पुन्हा वेशीत पाऊल टाकायची बंदी झाली, कायमची. देवाची बारव बाटवणारी बाई. घरात येऊन रांजण भरायचं राहिलं ते राहिलंच. वर्षभरात माझ्या पाठीवरचे डाग फिकट झाले. दगडाबाईची पोरं खेळायला लागली. गाव म्हणालं, रोगाची बाई लांब गेली, रोग गेला.

बारव बंद झाली तो वैशाख. मग श्रावण आला. चवथीला मी लाह्यांचं गाठोडं घेऊन खोपटावर गेले. ओढ्याला पाणी होतं, म्हणून तिनं काठाला जरा उंचावर झिरा उकरला होता आणि त्यावर फांदी टाकली होती. आत चूल पेटलेली. आत्या भाकरी थापत होती. डाव्या तळहातावर पिठाचा गोळा, उजव्यानं गोल फिरवत. हात मऊ झाले होते, भाकरी कडेला कुठं फाटत नव्हती.

"आत्या, आज चवथ हाय."

"ठाव हाय की."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. फुगू दिली. मी लाह्यांचं गाठोडं पुढं सरकवलं तर तिनं ते माझ्याकडंच परत सारलं.

"तू धर उपास. तुझा भाऊ ल्हान हाय, अजून वाचायला शिकला न्हाई."

मग भाकरी मोडून, तिखट-मिठाशी, सावकाश चावून तिनं सगळी खाल्ली. एक तुकडा पडला होता तोही उचलला. वर झिऱ्याचं तांब्याभर पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि तांब्या पालथा घातला.